यंत्रातल्या पाचशे सकाळी

भवानी पेठ, सोलापूर
११ फेब्रुवारी १९७३

चि. दाक्षायणीस,
मल्लप्पामामाचा आशीर्वाद.

सहा महिने तुला पत्र नाही, आणि आज लिहितोय तेही प्रेमापोटी नाही. काम आहे.

परवा मुंबईहून एक सल्लागार आमच्या मिलमध्ये उतरला. घोट्याशी परकरासारखी फाकलेली पँट, हातात चामड्याची पेटी. वाइंडिंग खात्यात जाऊन त्याने विचारलं, "या बायका काय करतात?" कापड विणणाऱ्या साच्यांना लागणाऱ्या कांड्या भरतात, असं सांगितल्यावर म्हणाला, "म्हणजे दोरा गुंडाळतात." वहीत लिहूनही घेतलं. अशा माणसाला धाकट्या मालकांनी स्वतःच्या गाडीतून फिरवलं.

धाकटे मालक जर्मनीला जाऊन आले, हे तुला मामीने कळवलं असेलच. तिकडे म्हणे कचेरीतली माणसं आपल्या सोयीने येतात, आपल्या सोयीने जातात, आणि तरी काम होतं. ते पाहून त्यांना इथल्या एकशे बत्तीस बायकांची दया आली. आता बायकांनी किती वाजता यावं हे मुंबईचं कॉम्प्युटर म्हणतात ते यंत्र सांगणार. तेवीस वर्षं चंद्रमौळी मिलच्या फाटकावर मी टाइमकीपर आहे. मला कोणी विचारलं नाही. सातला भोंगा, सात-दहाला फाटक बंद, त्यानंतर आलेली बाई परत घरी. यात यंत्राला कळण्यासारखं राहिलंय काय?

तो पँटवाला माझी दोन वर्षांची हजेरीची रजिस्टरं ट्रंकेत घालून घेऊन गेला. त्यावरून हिशेब मांडणारी बाई दाक्षायणी नावाची आहे, आमच्याच सोलापूरची, असंही कौतुकाने सांगून गेला. तेव्हा तुला लिहितो. ती रजिस्टरं परत पाठव. ती हजेरीसाठी असतात, यंत्राला चारायला नसतात.

मल्लप्पा


माटुंगा, मुंबई
२० फेब्रुवारी १९७३

ती. मामांना,
शरणार्थ.

तुमचं पत्र मिळालं. रजिस्टरं परत मिळणार नाहीत. त्यांतली प्रत्येक ओळ कार्डावर भोकं पाडून उतरवायचं काम चालू आहे आणि तीन मुली त्यावर बसल्या आहेत. तुमचं अक्षर सुंदर आहे असं त्या म्हणतात.

यंत्राला काय कळतं, ते सांगते. आम्ही मिलची एक सकाळ आकड्यांत मांडतो. कोणती बाई किती वाजता येण्याचा संभव आहे, एक बाई तासाला किती कांड्या भरते, साचे किती खातात. मग यंत्र फासे टाकल्यासारखे आकडे काढतं आणि ती सकाळ घडवून दाखवतं. कोण कधी आलं, कांड्या केव्हा संपल्या, किती साचे थांबले, सगळं. अशा पाचशे सकाळी ते अर्ध्या तासात घडवतं. त्यात फाटक सहाला उघडून बघायचं, आठला बंद करून बघायचं, नऊला करून बघायचं. खऱ्या मिलमध्ये असं करून बघायचं तर पाचशे दिवस जातील आणि त्यात खऱ्या बायकांचे हाल होतील. तुमचा अनुभव तेवीस वर्षांचा आहे, पण त्यात एकच सकाळ तुम्ही पुन्हा पुन्हा पाहिलीत, सात-दहाची.

ती मीही पाहिली आहे. मी दहावीत होते, सुट्टीत तुमच्याकडे राहायला आलेली, आणि मामीने दिलेला डबा घेऊन फाटकाशी आले होते. बनाबाई धावत आली. तुम्ही साखळी ओढलीत. तिच्या पदराचं टोक फाटकात अडकलं, ते तुम्ही काठीने बाहेर ढकललंत आणि घड्याळाकडे बोट दाखवलंत. "आण्णा, पोराला ताप हाय वो," एवढंच ती म्हणत होती. मी डबा खाली ठेवून पळाले. तुम्ही संध्याकाळी घरी विचारलंत ते एवढंच, की डबा जमिनीवर का ठेवलास.

तुमची दहशत आता आकड्यांतही दिसते. दोन वर्षं, एकशे बत्तीस बायका, आणि सात-दहानंतर आली म्हणून परत पाठवल्याची एकही नोंद नाही. आमचे साहेब म्हणाले, असली शिस्त त्यांनी लष्करात पाहिली नाही. मला त्यांच्यासमोर लाज वाटली.

दाक्षायणी


भवानी पेठ, सोलापूर
२ मार्च १९७३

चि. दाक्षायणीस,

लष्करवाल्या साहेबाला माझा नमस्कार सांग. त्याला म्हणावं, या दुष्काळात सोलापुरात एक दिवस काढ आणि सकाळी घागर घेऊन नळावर उभा राहा. एक दिवसाआड पाणी. एका पेठेत पहाटे पाचला, दुसऱ्या पेठेत सातला, तिसरीत संध्याकाळी. तेही पाणी सुटलं तर. ज्या बाईच्या घरी सातला पाणी येतं तिने भोंगा ऐकायचा की घागर भरायची, हे तुझ्या कार्डावर कुठे भोक पाडून लिहितेस ते कळव.

काल गौरम्माला मी विचारलं, मिलने यायची वेळ तुमच्यावर सोडली तर? ती हसायलाच लागली. म्हणाली, "आमच्यावर? मंग नळाला बी तेच सांगा की, आमच्यावर सोड म्हनून." चाळीस वर्षांची अडाणी बाई, पण तुमच्या पँटवाल्यापेक्षा तिला प्रश्न लवकर कळला.

बनाबाईचं लिहिलंस. झालं ते खरं आहे. सफाई देणार नाही.

एक विचारतो. यंत्राने काही ठरवलंय का अजून? घाईने काही ठरवू नका. रजिस्टरात असतं तेवढंच जगात घडतं असं समजणारी माणसं मी लई पाहिली, आणि त्यातल्या बहुतेकांना मी साहेब म्हणतो.

मल्लप्पा


माटुंगा, मुंबई
२४ मार्च १९७३

ती. मामांना,
शरणार्थ.

आमच्या साहेबांना दुष्काळावर व्याख्यान नको आहे, आकडे हवे आहेत. पाण्याचा परिणाम होत असता तर हजेरीत दिसला असता. दिसत नाही. याचा अर्थ बायका कशातरी करून वेळेवर येतातच. त्यासाठी त्या काय सोसतात हे कोणाच्या रजिस्टरात नाही. तुमच्या तर नाहीच.

निकाल लागला. मला तो आवडलेला नाही, पण यंत्र आवडीनिवडीवर चालत नाही. वेळ मोकळी ठेवून काही फायदा नाही, कारण कोणी उशिरा येतच नाही. शिवाय अठरा बदली बायका रोज घेतल्या जातात, त्यांच्या नावापुढे फक्त 'किरकोळ काम' लिहिलेलं आहे. त्या काढल्या तरी पाचशेपैकी चारशे नव्वद सकाळी एकही साचा थांबत नाही. अहवालात तसं लिहिलं आहे. १६ एप्रिलला मुंबईच्या कचेरीत तो मालकांपुढे ठेवायचा.

धाकटे मालक हिरमुसतील. बायकांसाठी काही करायची त्यांना खरी इच्छा होती, आणि मलाही. पण तुमच्या फाटकाने सगळं आधीच सरळ करून ठेवलं आहे. अभिनंदन.

दाक्षायणी


भवानी पेठ, सोलापूर
२९ मार्च १९७३

दाक्षायणी,

मूर्ख मुली.

रजिस्टर खोटं आहे. नऊ वर्षं खोटं आहे. इतकं साधं तुला कळू नये? एकशे बत्तीस बायका, दोन वर्षं, आणि एकही उशिरा नाही! माणसांचं सोड, देवळातल्या घंटेची हजेरी घेतली तरी दोन-चार दिवस उशीर निघेल. तुझ्या साहेबाने लष्कर पाहिलं असेल, पण बाई पाहिलेली नाही. आणि तू? तुझ्या आईने अक्कलकोटला आडावर रांगेत उभं राहून तुला शाळेत पाठवलं. तू तर पाहिलं होतंस!

आता नीट वाच. रोज तीस-चाळीस बायका सात-दहानंतर येतात. काही साडेसातला, काही आठला. कोळशाच्या आवारात एक छोटं दार आहे. मी मोठं फाटक बंद करतो, घड्याळाला चावी देतो आणि आवाराकडे जातो. त्या एकेक करून आत येतात, मी सात-पाच लिहितो. तोवरचा तास त्या अठरा बदली बायका ओढतात. त्यांना 'किरकोळ' लिहितो, कारण खरं लिहिलं तर कोणाच्या जागी बसल्या हे लिहावं लागेल. त्या अठराजणी काढल्या तर आठच्या आत साचेखातं थंड पडेल. आणि अठरा घरांची चूल तुझ्या कार्डांनी विझेल ती वेगळीच.

मला संत समजू नकोस. दया म्हणून केलं नाही. चाळीस बायका रोज परत पाठवल्या तर मिल चालत नाही, हे फाटकावर बसलेल्या माणसाला दिसतं. नियम करणाऱ्याला दिसत नाही, कारण तो दहा वाजता येतो. वीव्हिंग मास्तर नऊ वर्षं सांगत फिरतोय की माझ्या शिस्तीमुळे साचे चालतात. त्याला एकदाही शंका आली नाही. मला त्याची, मालकाची आणि त्या भोंग्याची कीव येत होती. म्हणून खोटं लिहीत गेलो. लिहिताना मजा यायची, तेही कबूल करतो.

बनाबाईच्या दिवशी मास्तर माझ्या मागे उभा होता. बाकीच्या दिवशी नसायचा. मी भ्यालो, एवढाच फरक. ती परत कामावर आली नाही.

अहवाल थांबव. आजपासून मी वेगळ्या वहीत खरी वेळ लिहितोय.

मल्लप्पा


माटुंगा, मुंबई
५ एप्रिल १९७३

ती. मामांना,
शरणार्थ.

पत्र तीनदा वाचलं. मूर्ख म्हणालात ते बरोबर आहे. एकसारखे आकडे पाहून कोणत्याही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शंका यायला हवी होती. मला आली नाही, कारण ते आकडे मला तुमच्याविषयी जे वाटत होतं तेच सांगत होते. ते चाळताना मला बरं वाटत होतं, मामा. हे लिहायला सोपं नाही.

साहेबांना एवढंच म्हटलं की रजिस्टराचा भरवसा नाही. ते म्हणाले, "आकडे मिलने दिले, जबाबदारी मिलची. आपण गणित केलं." मी म्हटलं, अठरा बायकांचं काम जाईल. म्हणाले, "त्या आपल्या अभ्यासाचा विषय नाहीत." हा माणूस इंग्लंडहून पदवी घेऊन आला आहे.

नवे आकडे घातले तर जुने खोटे का, हे सांगावंच लागेल. तुम्हाला निवृत्त व्हायला दोन वर्षं राहिली. मी असं म्हणू शकते की कार्डांवर भोकं पाडताना आमच्या मुलींकडून चुका झाल्या. कोणी तपासणार नाही. तुमचं नाव येणार नाही.

लगेच कळवा.

दाक्षायणी


भवानी पेठ, सोलापूर
१० एप्रिल १९७३

चि. दाक्षायणीस,

खोटं बोलायचं माझ्यावर सोड. तुला जमत नाही. तीन मुलींच्या माथी मारून मला वाचवणार? त्यांची नोकरी तुझ्या साहेबाने काढून घेतली तर त्यांच्यासाठी कुठलं छोटं दार उघडणार आहेस? माझं नाव लिही. पुरं लिही.

वही रजिस्टर पोस्टाने वेगळी पाठवली आहे. अकरा दिवसांची आहे, त्यापेक्षा जास्त देता येत नाही. एक गोष्ट लिहिताना मला स्वतःलाच नवीन कळली. ज्यांच्याकडे पाणी पहाटे किंवा संध्याकाळी येतं अशा चाळीस-पंचेचाळीस बायका साडेसहालाच बाहेर येऊन बसलेल्या असतात. त्यांना लवकर येऊन लवकर घरी जायचं असतं. तेवीस वर्षं मी त्यांच्यासमोर फाटक बंद ठेवून सातची वाट पाहत बसलो. उशिरा येणाऱ्यांसाठी दार काढलं, लवकर येणाऱ्यांचा विचार केला नाही. का, ते विचारू नकोस. सुचलं नाही.

महादेवी म्हणून एक तरुण बाई आहे. मला वहीत लिहिताना पाहून म्हणाली, "आण्णा, खरं लिवतायसा? बरं वाटतंय का तब्येतीला?"

मामीला काही सांगितलेलं नाही.

मल्लप्पा


माटुंगा, मुंबई
१८ एप्रिल १९७३

ती. मामांना,
शरणार्थ.

तुमची वही १३ तारखेला मिळाली. त्याच रात्रीपासून तीन मुलींनी आणि मी कार्डांवर भोकं पाडली. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, त्या आपण होऊन थांबल्या. यंत्राचा वेळ मी साहेबांच्या सहीशिवाय मागून घेतला.

परवाची बैठक सांगते. धाकटे मालक, तुमचे वीव्हिंग मास्तर, आमचे साहेब आणि मी. साहेबांनी जुना अहवाल वाचायला सुरुवात केली. मी मध्येच नवा कागद टेबलावर ठेवला. सांगितलं, फाटक सहाला उघडा, नऊपर्यंत उघडं ठेवा, ज्या वेळी येईल तिथून प्रत्येकीने आठ तास भरावेत. लवकर येणाऱ्या बायका कांड्यांचा साठा करून ठेवतील, त्यावर उशिरा येणाऱ्या येईपर्यंत साचे चालतील. आज सरासरी एकसष्ट साचे आठच्या सुमाराला थांबतात. मग बावीस थांबतील.

मास्तर म्हणाले, "एकसष्ट? आमचा एकही साचा थांबत नाही!"

मी विचारलं, "सकाळी आठला तुम्ही कधी खात्यात होता?"

धाकटे मालक हसले. मास्तर लाल होऊन म्हणाले, "पण रजिस्टर तर वेगळंच सांगतं."

"रजिस्टर खोटं आहे."

"कोणी लिहिलं?" धाकट्या मालकांनी विचारलं.

साहेबांनी टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. मी म्हटलं, "टाइमकीपर मल्लप्पांनी. माझे मामा आहेत. ते खोटं नसतं तर तुमची मिल नऊ वर्षांपूर्वी बंद पडली असती."

मग कोणी हसलं नाही. जुलैपासून तीन महिने प्रयोग करायचा ठरला. अठरा बायका राहिल्या. आणि तुम्हाला कामावरून दूर करून चौकशी लावायचं ठरलं. ते सांगताना धाकटे मालक माझ्याकडे न बघता म्हणाले, "तत्त्वाचा प्रश्न आहे." ज्या माणसाच्या खोटेपणामुळे त्यांची गाडी चालते त्याच्यावर तत्त्व चालवायचं. मी त्यांना भला माणूस समजत होते.

मला माफ करा असं लिहीत नाही. तुम्हाला आवडणार नाही.

दाक्षायणी


भवानी पेठ, सोलापूर
१४ जुलै १९७३

चि. दाक्षायणीस,
आशीर्वाद.

तुझी मधली तीन पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. चौकशी चार दिवसांत संपली. आरोप वाचणाऱ्या कारकुनाला 'हेतुपुरस्सर' म्हणता येईना, मीच म्हणून दिलं. शिक्षा म्हणजे दोन वर्षं आधी घरी. मामी आठवडाभर धुसफुसली. मग म्हणाली, नऊ वर्षं मला का सांगितलं नाहीत, मीही सात-पाचच लिहा म्हणाले असते.

२ तारखेला प्रयोग सुरू झाला. मी फाटकासमोरच्या हॉटेलात जाऊन बसलो. तुझ्या यंत्राने सहाला चव्वेचाळीस बायका येतील म्हटलं होतं. एक्कावन्न आल्या. तरी ठीक आहे, मास्तराचा अंदाज होता शून्य. पहिला आठवडा साचे बरे चालले. मी दोष शोधत होतो, सापडले नाहीत.

मग या बुधवारी सापडला. गौरम्मा नऊ-वीसला आली. माझ्या जागी आता बिरप्पा नावाचा इसम आहे, शर्टाच्या खिशाला तीन पेनं. त्याने फाटक लावून घेतलं होतं. ती म्हणाली, सासू पडली, दवाखान्यात पोचवून आले. बिरप्पा म्हणाला, "मुंबईच्या यंत्रानं नऊ ठरवलंय, मावशी. माझ्या हातात काय न्हाय." मी निदान माझ्या नावाने बाया परत पाठवत होतो. याने तुझं नाव लावलं. मी उठून गेलो आणि त्याला म्हणालो, कोळशाकडून घे तिला. तो म्हणाला, "ते दार तुमच्यामुळंच विटा लावून बुजवलंय."

गौरम्मा तिथेच फाटकाशी जमिनीवर बसली. परत गेली नाही. खात्याच्या खिडकीतून महादेवीने ते पाहिलं. पुढचं मला आतल्या बायकांनी सांगितलं. महादेवीने आपली मशीन थांबवली आणि हात मांडीवर ठेवून बसली. मग शेजारची. मग पूर्ण ओळ. दहा मिनिटांत एकशे एकतीस बायका गप्प बसल्या होत्या. घोषणा नाही, युनियनचा माणूस नाही. बाहेर मला ऐकू आला तो फक्त आवाज बंद झाल्याचा. तेवीस वर्षांत ते खातं चालू दिवशी असं शांत मी ऐकलं नव्हतं.

मास्तर धावत खाली आला. "कोणी सांगितलं थांबायला?" महादेवी म्हणाली, "कुणी न्हाय. ती आत आली की चालू करतो."

तो ओरडला, मग समजावलं, मग साचे थांबायला लागले तसा फाटकाशी आला आणि बिरप्पाला म्हणाला, उघड. दहाला दहा मिनिटं कमी होती. गौरम्मा पदर झटकून उठली आणि माझ्याकडे न बघता आत गेली. बायकांनी तेवढ्यावर सोडलं नाही. पुढची वेळ ठरवताना आमच्यातल्या दोघी बसतील, असं मास्तराकडून सगळ्यांसमोर वदवून घेतलं आणि मगच दोरा हलला.

मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. माझा काही उपयोग झाला नाही. मला वाटत होतं या बायकांना आत घेणारा मी. मास्तराची कीव करायचो, मालकाची करायचो, आणि खरं सांगू, सगळ्यात जास्त या बायकांची करायचो. दार उघडलं की मेंढरांसारख्या येतात म्हणायचो मनात. त्यांना हे नऊ वर्षांपूर्वीही करता आलं असतं. मी छोटं दार उघडत राहिलो, म्हणून कदाचित त्यांना करावं लागलं नाही. हे मला त्या दुपारी घरी चालत येताना कळलं आणि लई राग आला. कोणाचा, ते ठरवता येईना.

मल्लप्पा


माटुंगा, मुंबई
१९ जुलै १९७३

ती. मामांना,
शरणार्थ.

माझ्या मांडणीत एक बाई म्हणजे एक कार्ड. ती येते, कांड्या भरते, जाते. एक कार्ड दुसऱ्या कार्डासाठी थांबत नाही. तसं मी कुठे लिहिलंच नव्हतं, आणि अजूनही ते कसं लिहायचं मला माहीत नाही. साहेबांना हे सांगितलं. म्हणाले, असल्या गोष्टी अपवाद म्हणून सोडून द्यायच्या असतात. मी आठ दिवसांची रजा टाकली. त्यांनी सही केली नाही, तरी टाकली.

शनिवारी रात्री निघून रविवारी सोलापूरला पोचते. मामीला सांगा, माझ्यासाठी वेगळं पाणी भरू नका. ज्या दिवशी येईल त्या दिवशी मी स्वतः रांगेत उभी राहीन.

आणि महादेवी आणि गौरम्मा यांना भेटा. नवी वेळ ठरवायला दोघी बसणार आहेत, त्यांच्यासोबत मला बसू देतील का? मी आकडे मांडून देईन, ठरवायचं त्यांनी. नाही म्हणाल्या तर मी मुकाट परत जाईन.

मात्र मामा, हे तुम्ही त्यांना सांगायचं नाही. विचारायचं.

दाक्षायणी